तिसऱ्या सेटला येणारी अंधारी आणि रात्रीचा वरण-भात

मुलुंडला राहतो. जिम पहाटे साडेपाचला, कारण पावणेआठची लोकल चुकली की दिवस गेला. तीन महिने उपाशीपोटीच जायचो. स्क्वॅटच्या तिसऱ्या सेटला हमखास डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा तर बार रॅकवर टेकवला आणि तिथेच फतकल मारली.

मग पाचला उठून वाटीभर पोहे खाल्ले. ते त्याहून वाईट! डेडलिफ्टला वाकलो की कांद्याचे ढेकर.

खरी चूक रात्रीची होती. ‘रात्री कार्ब्स नकोत’ म्हणून जेवणात नुसती कोशिंबीर आणि दोन अंडी. झोपेत यकृतातलं ग्लायकोजेन (कार्ब्समधून शरीरानं साठवलेली साखर) बरंच खर्च होतं, स्नायूंमधलं मात्र बहुतेक शिल्लक राहतं. अर्थात आदल्या दिवशी भरलं असेल तर. माझं नीट भरतच नव्हतं. आता रात्री साडेआठला वरण-भात, एक पोळी, मटकीची उसळ. आईला तर सणच वाटला. एकूण कॅलरी वाढवल्या नाहीत. स्टेशनबाहेरचा संध्याकाळचा वडापाव सोडला, त्या इकडे आणल्या. (दुःख अजून आहे.)

पहाटे फक्त एक केळं, वीसेक मिनिटं आधी. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कार्ब्स, तेलतूप नाही, त्यामुळे पोटात बसून राहत नाही. पोहे डब्यात गेले, सोबत उकडलेली अंडी. ऑफिसात पोचल्यावर खातो.

दुसऱ्या आठवड्यात स्क्वॅटचे ७० किलोचे पाचही सेट झाले. केळं मात्र पिकलेलंच घ्या, हिरवटानं मला गुबारा धरतो.