घट्ट पेज मोडाच्या पिठाने पातळ कशी करावी

नाशिकच्या बाजारात पेठ-सुरगाण्याकडची नागली मिळते, म्हणजे इतरांची नाचणी. वाटीभर निवडून, धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत मोड येतात. जानेवारीत मात्र आपल्याकडची थंडी मोडांनाही उठू देत नाही, तेव्हा पुरचुंडी गॅसच्या कडेला ठेवून तीन दिवस वाट पाहा. आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या.

मोडच का? दाण्यातला स्टार्च ही ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ असते, कुठे सरळ तर कुठे फांद्या फुटलेली. कोंबाला ती अख्खी वापरता येत नाही. म्हणून दाणा अमायलेज हे विकर तयार करतो आणि ते माळ तोडत जातं. तुकडे होत होत बरीचशी माल्टोज साखर उरते, दोन मण्यांची. आपल्या लाळेतही अमायलेज असतं. भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोडसर लागतो, तो त्यामुळेच.

मोड खडखडीत वाळवा, चोळून पाखडा, दळा. भाजू मात्र नका. मी पहिल्यांदा खमंग भाजली. वास घरभर सुटला, पण पेज जशीच्या तशी घट्ट. विकर हे प्रथिन. जास्त तापलं की त्याची घडी बिघडते आणि काम थांबतं.

आता तांदळाची चमचा उभा राहील अशी पेज शिजवून दोन वाट्यांत घ्या. वाटी हातात धरवणार नाही, पण उकळी बसलेली असेल, म्हणजे साधारण ६० अंश, तेव्हा एकीत चमचाभर पीठ थोड्या पाण्यात कालवून घाला आणि ढवळा. दहा-पंधरा मिनिटांत ती चमच्यावरून ओघळू लागते. फारशी गोड मात्र लागणार नाही. माळ मधेच चार ठिकाणी तुटली तरी घट्टपणा जातो, साखर व्हायला आणखी बरेच घाव लागतात.

पुरावा हवा तर दोन्हींतला थेंबभर नमुना बशीत घेऊन पातळ केलेलं आयोडीन टाका. साधी पेज निळी-काळी होते, दुसरीचा रंग वेळ जाईल तसा फिका पडतो. बशीतलं फेकून द्या.

वाटीतली पेज पुन्हा उकळूनच प्या, कारण पीठ कच्चं आहे. दात नसलेल्या आजींना एरवी पाणी वाढवून पेज द्यावी लागते. अशी केली तर तेवढ्याच वाटीत तांदूळ जास्त जातो.