दोन दिवसांचं रोम: निघायच्या आधी काय काय उरकून ठेवायचं

रोमला दोनच दिवस मिळतायत म्हटल्यावर आधी डोक्यातून फ्लॉरेन्स आणि पॉम्पेई काढून टाका. ट्रेनने जाऊन येता येतं हे खरंय, पण मग रोम राहतंच. दोन दिवसांत नीट होतं ते कोलोसियम, व्हॅटिकन आणि मधलं जुनं गाव, यातल्या पहिल्या दोनचं सगळं घरी बसूनच ठरवायचं असतं आणि तिसऱ्यासाठी फक्त पाय शाबूत लागतात.

व्हिसाचं थोडक्यात सांगते, शेंगेनचा (इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो, पण मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर अपॉइंटमेंट मिळवण्यातच दिवस जातात म्हणून लवकर सुरू करा. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरोच्या कव्हरचा हवा. ऑगस्ट टाळता आला तर टाळाच, ऊन जबरदस्त असतं आणि 15 तारखेच्या सणाच्या आसपास बरीच दुकानं, खानावळी बंद करून लोक समुद्रावर गेलेले असतात.

आता तिकिटं, कारण खरी मारामारी इथेच आहे. कोलोसियमची तिकिटं अधिकृत साइटवर साधारण महिनाभर आधी उघडतात आणि चांगल्या वेळा पटापट जातात, तेव्हा ती तारीख कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि ते ओळखपत्राशी जुळवून बघतात, म्हणून पासपोर्टवर आहे तस्संच नाव टाका, घरातलं लाडाचं नको! त्याच तिकिटात शेजारचे प्राचीन रोमचे अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलाटिन टेकडीही येते आणि खरं सांगायचं तर कोलोसियमच्या आत तासाभरात होतं, वेळ खातं ते फोरम, तिथे सावली जवळपास नाहीच, त्यामुळे सकाळचाच स्लॉट घ्या. मोठ्या सॅक आणि ट्रॉली आत नेऊ देत नाहीत.

व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद. महिन्यातला शेवटचा रविवार उघडा आणि फुकट असतो, पण ती फुकटची रांग बघून फुकट नकोच वाटतं. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असले तर सेंट पीटर्सच्या चौकात त्यांची सभा असते, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चकडे, बॅसिलिकाकडे गर्दी आणि बंदोबस्त, तेव्हा तोही दिवस जमलं तर सोडा. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, म्युझियमचं दार आणि सेंट पीटर्सचा चौक एका ठिकाणी नाहीत, भिंतीला वळसा घालून चांगलं पंधरा मिनिटं चालावं लागतं, त्यामुळे म्युझियमचा 9 चा स्लॉट असेल तर मेट्रोने ओत्तावियानोला उतरून सरळ म्युझियमकडेच निघा. बॅसिलिकाला तिकीट नाही, फक्त सिक्युरिटीची रांग, ती सकाळी 7 ला दार उघडतं तेव्हा सगळ्यात छोटी असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनासुद्धा, म्हणून बर्म्युडा हॉटेलवर ठेवा आणि पर्समध्ये एक ओढणी टाका. घुमटावर चढायचं असेल तर 551 पायऱ्या आहेत, लिफ्टने गेलात तरी 320 उरतातच, आईबाबा बरोबर असतील तर त्यांना आधी विचारा.

राहायला तेर्मिनी स्टेशनजवळ स्वस्त आणि सोयीचं, पण दोन पैसे जास्त देऊन मोन्ती भागात मिळालं तर मी तेच घेईन, कोलोसियम चालत आहे आणि संध्याकाळी बरं वाटतं. हॉटेलवाले माणशी दर रात्रीचा सिटी टॅक्स वेगळा घेतात, थोडी कॅश ठेवा. फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस ही ट्रेन न थांबता 32 मिनिटांत तेर्मिनीला सोडते, मात्र चौघं असाल तर टॅक्सीचा जुन्या शहरापर्यंतचा ठरलेला दर असतो, तो आधी बघून घ्या, बहुतेक टॅक्सीच परवडते. मेट्रोत कार्ड टॅप करून जाता येतं पण प्रत्येकाला वेगळं कार्ड किंवा फोन लागतो, एकाच कार्डावर अख्खं कुटुंब जात नाही.

बूट पायाला रुळलेले, वापरलेलेच न्या, नवे नकोत. रस्त्यात काळे चौकोनी दगड बसवलेत त्यावर नवे बूट पहिल्याच संध्याकाळी फोड आणतात, ट्रॉलीची चाकंही खडखडतात. रिकामी पाण्याची बाटली न्याच. गावभर नाझोनी नावाचे लोखंडी नळ आहेत, दोन हजारांच्या वर, पाणी सतत वाहतं, गार आणि पिण्याचं. खालचं तोंड बोटाने दाबलं की नळीच्या वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि वाकायला लागत नाही. पोरं तिथून हलत नाहीत!

शाकाहारी असाल तर काचो ए पेपे हा पास्ता मागा, त्यात नुसतं चीज आणि मिरी, कार्बोनारा आणि अमात्रिचाना या पास्त्यांत डुकराचं मांस असतं. सुप्ली म्हणजे तळलेले भाताचे गोळे, मस्त लागतात पण आत बऱ्याचदा खिम्याचा सॉस असतो, 'सेन्झा कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून विचारा. काचो ए पेपेतल्या पेकोरिनो चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध फाडायला वापरतात तो प्राण्याच्या पोटातला पदार्थ) असतं, म्हणून कडक पाळणाऱ्यांनी ते सोडून भाजीचा पिझ्झा घ्यावा आणि त्यातल्या चीजचंही विचारावं. कॉफी काउंटरला उभं राहून प्या, टेबलावर बसलात की तीच महाग होते.

संध्याकाळ मोकळी सोडा. नव्होना चौक, पँथिऑन हे प्राचीन देऊळ, त्रेव्हीचं कारंजं, स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्या हे सगळं पायी होतं, फक्त पँथिऑन संध्याकाळी लवकर बंद होतं म्हणून ते आधी. तिकीट आहे, घ्या, आणि पाऊस आला तर नक्की जा, घुमटाला वर मधोमध मोठं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो, ओल्या भागाला दोरी लावून माणसं भोवती बघत उभी असतात. स्पॅनिश स्टेप्सवर बसू नका, 2019 पासून दंड होतो. त्रेव्हीपाशी आणि व्हॅटिकनकडे जाणाऱ्या 64 नंबरच्या बसमध्ये पाकीट पुढच्या खिशात.

परतीची फ्लाइट संध्याकाळची असेल तर शेवटच्या दिवशी व्हॅटिकन किंवा कोलोसियम ठेवू नका, सामान हॉटेलच्या रिसेप्शनवर टाकून जुन्या गावातच फिरा आणि विमानतळासाठी तीन तास हाताशी धरून निघा.