कोकणात गाडीला एक्झॉस्ट बसवताय? आधी पाइप बघा

एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणारा पाइप आणि सायलेन्सर, घेताना सगळे आधी आवाज ऐकतात पण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पहिला प्रश्न पाइप कशाचा हाच. साधं लोखंड नकोच, मालवणला माझ्या गाडीत दोन पावसाळ्यांत वेल्डिंगच्या कडेला गंज धरून बोट जाईल एवढं भोक पडलं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, त्यात क्रोमियम साधारण १८ टक्के आणि निकेल ८ टक्के, ४०९ या दुसऱ्या स्टेनलेस ग्रेडमध्ये क्रोमियम ११ च्या आसपासच म्हणून ते लवकर तांबूस होतं. खिशात लोहचुंबक ठेवा, ४०९ ला घट्ट चिकटतं, ३०४ ला जवळजवळ नाहीच.

पॉवरचं म्हणाल तर १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल गाडीत नुसता मफलर, म्हणजे आवाज दाबणारा मागचा डबा, बदलून फार फरक पडत नाही, उलट पाइप उगाच जाड केला तर गॅसचा वेग पडतो आणि आंबा घाटात खालच्या आरपीएमला गाडी ओढत नाही. टर्बो इंजिनला मात्र मोकळा पाइप मानवतो.

रेझोनेटर, म्हणजे पाइपमधला घुमणारा आवाज मारणारा डबा, काढू नका, नाहीतर हायवेला कानात सतत घुमत राहतं. कॅटला, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, हात लावायचा नाही, पीयूसी अडकेल, आणि आवाज मर्यादेबाहेर गेला तर दंडही बसतो. पैसे देण्याआधी काचा बंद करून एक चक्कर माराच.