न्यूरोमॉर्फिक चिपकडे वळताय? आधी एक न्यूरॉन चालवून बघा

नाशिकमध्ये ई अँड टीसी करणारी ज्युनिअर मुलं हल्ली विचारतात, मेंदूसारख्या चिप बनवायच्या तर सुरुवात कुठून करायची? तोवर त्यांनी मेंदूवरचे ढीगभर व्हिडिओ पाहिलेले असतात. माझं म्हणणं, आधी इंजिनिअरिंगच्या गणिताची वही काढा.

या क्षेत्राचा पाया कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात कॅलटेकमध्ये घातला. खरा प्रश्न विजेचा आहे. नेहमीच्या संगणकात मेमरी एकीकडे आणि प्रोसेसर दुसरीकडे असतो, त्यामुळे डेटाची ने-आण करण्यातच बरीच वीज जाते. न्यूरोमॉर्फिक चिपमध्ये मेमरी गणिताच्या शेजारीच ठेवतात आणि न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशीची नक्कल करणारं सर्किट, काही सांगण्यासारखं असेल तेव्हाच स्पाइक, म्हणजे विजेचा छोटा ठोका, सोडतो. आयबीएमच्या २०१४ च्या ट्रूनॉर्थ चिपमध्ये असे १० लाख न्यूरॉन होते आणि ती चिप सुमारे ७० मिलिवॅटवर चालायची.

हे सगळं माझ्या डोक्यात नीट बसलं ते ब्रायन-२ वर. हा फुकट मिळणारा पायथन सिम्युलेटर साध्या लॅपटॉपवरही चालतो. त्यात एकच गळका न्यूरॉन घ्या, म्हणजे इनपुटने भरणारा पण हळूहळू गळतही राहणारा. टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद, थ्रेशोल्ड (जिथे पोचल्यावर स्पाइक सुटतो ती पातळी) १, स्पाइकनंतर व्होल्टेज पुन्हा शून्य. इनपुट ०.९ दिलं तर व्होल्टेज चढतं, ०.९ च्या जवळ रेंगाळतं आणि स्पाइक कधीच येत नाही. १.१ केलं की सुमारे २४ मिलिसेकंदांनी एक स्पाइक येतो, २ केलं की ७ मिलिसेकंदांनी. हे आकडे आधी कागदावर काढा. गणितातलं पहिल्या ऑर्डरचं डिफरन्शियल समीकरणच आहे ते, आरसी सर्किटचं! उत्तर जुळलं की मगच एसएनएनटॉर्चकडे, म्हणजे स्पाइकवर चालणारी न्यूरल नेटवर्क शिकवण्याच्या पायथन लायब्ररीकडे जा. तिथे ट्रेनिंगची अडचण भेटते: स्पाइकला डेरिव्हेटिव्ह नीट मिळत नाही, म्हणून सरोगेट ग्रेडियंट, म्हणजे त्याच्या जागी एक गुळगुळीत पर्यायी डेरिव्हेटिव्ह, वापरावा लागतो.

प्रोजेक्टचा विषय निवडताना एक कसोटी लावा. सिग्नल बहुतेक वेळ शांत असतो का? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मोटरच्या बेअरिंगचं कंपन मोजायचं असेल, तर बिघाडाची चाहूल क्वचितच लागते. तिथे स्पाइकची पद्धत शोभते. सतत भरभरून डेटा येत असेल तर विजेचा फायदा बराचसा निघून जातो. विषय आकर्षक दिसतो म्हणून हे विसरू नका, व्हायव्हात पहिला प्रश्न हाच यायला हवा.

नोकरीबद्दल स्पष्टच सांगते. या नावाच्या थेट जागा आज थोड्याच आहेत आणि बहुतेक काम संशोधनात चालतं. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये यावर काम होतं, त्यामुळे गेटची तयारी मनापासून करा. सोबत व्हेरिलॉग (डिजिटल सर्किट लिहिण्याची भाषा) आणि एम्बेडेड सी पक्कं ठेवा. पुढे विषय बदलला तरी व्हीएलएसआयची, म्हणजे चिप डिझाइनची, दारं उघडी राहतात. घरच्यांनाही हे असंच समजावून सांगा, त्यांची काळजी रास्त आहे.

पेपर वाचायला लागलात की विजेचा आकडा नुसत्या चिपचा आहे की सेन्सर आणि बोर्ड धरून, हे आधी शोधा. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.