वजन उतरवलंय, आता ते उतरलेलं ठेवायचं कसं

वजन कमी करायचं काय अवघड नाही, मी दोनदा केलंय. म्हणजे मधे एकदा परत वाढवलंय, हे ओघानं आलंच. ९४ वरनं ७६ वर आलो, गल्लीत कौतुक झालं, पँटी कमरेला आवळून आणल्या आणि सव्वा वर्षात ८७ वर, शिंप्याकडं परत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. दुसऱ्यांदा ७७ ला आलो त्याला आता चार वर्षं झाली आणि ७९ च्या वर काटा मुक्कामाला राहू दिलेला नाही. खाली लिहितोय ते सगळं या दुसऱ्या खेपेचं.

माझं पहिल्यांदा काय चुकलं ते कळायला आपल्या कोल्हापुरात लांब जायला नको. कुठल्याही तालमीच्या कट्ट्यावर बसलेला जुना पैलवान बघा. कुस्ती सुटली, पहाटेची मेहनत सुटली, पण खुराक काय सुटला नाही, दूध तूप बदाम मटण सगळं तसंच, मग दोन-तीन वर्षांत अंग सुटतं. मीपण तेच केलं. ७६ दिसलं त्या दिवशी ‘डाएट संपलं’ म्हणून जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवसापासनं ९४ किलोवाल्या माणसाचं जेवण चालू.

ते जेवण आता परत नाही, हे एकदा मनाशी पक्कं करा. वजन घटलं की शरीराला कमी इंधन लागतं, एक तर ओझं कमी झालेलं असतं आणि वर शरीर स्वतःहून थोडी काटकसर करायला लागतं. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं, भूक आवरणारं लेप्टिन कमी होतं आणि हा प्रकार वर्षभरानंतरही चालूच असतो. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची स्पर्धा असायची, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं तर त्यांचं शरीर हिशेबापेक्षा रोज साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. हा अभ्यास २०१६ चा. आता त्यांनी टोकाचं केलेलं, आपलं एवढं होत नाही, पण दिशा तीच. त्यामुळं भूक जास्त लागायला लागली तर आपल्यात जिद्द नाही म्हणून स्वतःला बोल लावत बसू नका, भूक खरीच असते.

मग करायचं काय? पाहिजे त्या वजनाला आलात की एकदम सगळं सोडायचं नाही, दर दोन आठवड्यांनी अर्धी भाकरी वाढवायची आणि काटा बघायचा. हलला नाही तर अजून अर्धी. हलला की एक पायरी मागं यायचं आणि तिथंच थांबायचं. मला सकाळी एक आणि रात्री एक भाकरी पुरते, आधी तीन-तीन खायचो. तुमचा आकडा वेगळा निघेल.

काट्याचं सांगतो, कारण माझा सगळा खेळ त्याच्यावर आहे. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे ज्याच्यावर बायको दुधाचे लिटर आणि गॅस लावल्याची तारीख लिहिते. बुधवारी आणि शनिवारी सकाळी उपाशीपोटी वजन करायचं आणि त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचं. मोबाईलमधलं ॲप मीच बघतो आणि मीच बंद करतो, भिंतीवरचा आकडा मात्र घरातले सगळे बघतात, मुलगी तर मोठ्यानं वाचते. आदल्या दिवशी मिसळ हाणली की किलोभर जास्त दिसतं, ते मीठ आणि पाणी असतं, चरबी एका रात्रीत एवढी चढत नाही. पण सलग दोन आठवडे ७९ च्या वर दिसलं तर मग गंमत नाही. चहातली साखर बंद, रात्रीचा भात बंद, बाहेरचं बंद, ७७ दिसेपर्यंत. दोन किलो उतरवायला महिना-दीड महिना जातो, दहा किलोला काय लागतं ते मी भोगलंय.

अमेरिकेतच १९९४ ला एक नोंदवही चालू झाली, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेली माणसं तिच्यात असतात. त्यातले बहुतेकजण आठवड्यातनं एकदा तरी काट्यावर उभे राहतात, सकाळी नाश्ता करतात आणि रोज सरासरी तासभर हालचाल करतात, मुख्यतः चालणं. भारी काय नाही बघा, कंटाळवाणंच आहे सगळं.

आता खाण्याकडं. कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा सोडा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, महिनाभर सोडाल आणि एकतिसाव्या दिवशी पातेलं रिकामं कराल. फक्त पांढरा रस्सा तिखट नसतो म्हणून हलका समजून वाटीवर वाटी ओढू नका, त्यात नारळाचं दूध, खसखस, काजू असतात. तांबड्याचा वरचा कट पळीनं बाजूला करा. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि तासभर चालून जेमतेम अडीचशे-तीनशे जातात, म्हणजे दोन चमच्यांत रंकाळा तलावाची फेरी फुकट. (आणि रंकाळ्यावर चालून झालं की तिथंच भेळ खाणाऱ्यांबद्दल मी काय बोलत नाही, मी त्यातलाच होतो.) मटणाच्या फोडी खा, त्यानं पोट भरतं, भात शेवटी दोन घास. मिसळीला मटकी जास्त फरसाण कमी सांगायचं, पहिल्यांदा मालक वर बघतो, नंतर सवय होते त्याला. नवरात्रातली साबुदाणा खिचडी उपवासाला चालते म्हणून वजनालापण चालते असं नाही.

नुसतं चालू नका, अंगातली ताकद टिकवायला जोर-बैठका मारा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूपण जातात आणि स्नायू गेले की बसल्या-बसल्या जळणारं अजून कमी होतं. जिमची फी भरायला पाहिजे असं नाही, आपल्या आजोबांनी काय मशिनी वापरल्या होत्या? मी दहा बैठकांपासनं चालू केलं, गुडघे कुरकुरत होते म्हणून भिंतीला धरून. आठवड्यातनं तीन दिवस बास. आणि जुलैतला आपला पाऊस माहीत आहे, आठ-आठ दिवस बाहेर पडता येत नाही, माझा पहिला घोटाळा तिथंच झालेला. म्हणून पावसाळ्यापुरती जिन्याची सोय आधीच ठरवून ठेवा, पंधरा मिनिटं वर-खाली.

शुगर, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर वजन बदलल्यावर डॉक्टरांना दाखवा, डोस बदलावा लागू शकतो. आणि काही न करता वजन भराभर वाढायला किंवा उतरायला लागलं तरी दाखवा, तिथं माझं कॅलेंडर कामाचं नाही.

राहिली नातेवाईक मंडळी. लग्नात आत्या हमखास भेटते, ‘किती वाळलास रे, बायको जेवाय घालत नाही व्हय?’ म्हणत तिसरी जिलेबी ताटात टाकते. हिला लेप्टिन समजावत बसायचं नाही. ‘आत्या, तू वाढलीस म्हणून खातो’ म्हणायचं, एक खायची आणि उरलेल्या दोन शेजारी बसलेल्या भाच्याच्या ताटात सरकवायच्या, तो अजून शाळेत आहे, त्याला पचतात.