विम या टेक्स्ट एडिटरमध्ये परदेशी अक्षरं कशी टाईप करायची

आधी फाईल यूटीएफ-८ (सगळ्या भाषांची अक्षरं साठवणारं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) मध्येच सेव्ह होतेय ना ते बघा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. इन्सर्ट मोडमध्ये (टाईप केलेलं थेट फाईलमध्ये उमटतं तो मोड) कंट्रोल-के दाबायचं, मग इंग्रजी ई (e) आणि लगेच सिंगल कोट, की फ्रेंचमधला तिरक्या रेघेचा ई आला, कोटऐवजी कोलन दिला तर डोक्यावर दोन टिंबं येतात. असा शॉर्टकट नसेल तर कंट्रोल-व्ही, यू आणि त्या अक्षराचा चार आकडी हेक्स कोड (युनिकोडमधला त्याचा क्रमांक, ० ते ९ आणि ए ते एफमध्ये लिहिलेला).

उघडल्यावर कचरा दिसतोय? घाबरून सेव्ह करू नका!! बहुतेक वेळा डेटा ठीकच असतो, एडिटर चुकीच्या एन्कोडिंगने वाचत असतो, योग्य एन्कोडिंग देऊन परत उघडा. आणि तोच ई कधी एका कोडचा असतो तर कधी साधा ई अधिक वेगळी रेघ, दिसायला सेम पण सर्चमध्ये सापडत नाही (डोकं फिरतं अगदी), नॉर्मल मोडमध्ये (एस्केप दाबल्यावर येतो तो) कर्सर त्यावर नेऊन जी आणि ए दाबलं की कळतं.