प्रथिनाचा स्फटिक: थेंबापासून नकाशापर्यंत
क्ष-किरणांनी प्रथिनाची रचना शोधताना बहुतेक कामे अडतात ती स्फटिकापाशी. हात बसवायला कोंबडीच्या अंड्यातले लायसोझाइम हे प्रथिन घ्या. स्फटिक दिवसा-दोन दिवसांत दिसतात.

पीएच ४.६ च्या ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम लायसोझाइम विरघळवा आणि १० मिनिटे जोरात सेंट्रिफ्यूज करा. ही पायरी कधीही गाळू नका. धूळ आणि गुठळ्या राहिल्या की त्यांच्यावर एकाच वेळी शेकडो स्फटिक धरतात आणि एकही मोठा होत नाही.

२४ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये त्याच बफरात केलेले सोडियम क्लोराइडचे द्रावण, प्रत्येकी ५०० मायक्रोलिटर भरा. प्रमाण ४ टक्क्यांपासून ८ पर्यंत चढते ठेवा. सिलिकॉन लावलेल्या कव्हरस्लिपवर (पातळ काचेच्या झाकणीवर) प्रथिन २ मायक्रोलिटर आणि वेलमधले द्रावण २ मायक्रोलिटर, बुडबुडा न येऊ देता. वेलच्या कडेला ग्रीस लावून कव्हरस्लिप उलटी बसवा. थेंबातले मीठ वेलच्या निम्मे असल्याने पाणी वाफेवाटे वेलकडे जाते आणि थेंब सावकाश आटतो. ग्रीसमध्ये फट राहिली तर सगळेच वाळते. प्लेट २० अंशांवर, धक्का न लागेल अशी ठेवा.

थेंब स्वच्छच राहिला तर मीठ वाढवा. गाळ किंवा बारीक स्फटिकांचा चुरा दिसला तर मीठ नाहीतर प्रथिन कमी करा. नव्या प्रथिनात टणक, देखण्या स्फटिकावर भाळू नका, तो मिठाचा असू शकतो. सुईने दाबून पाहा: प्रथिनाचा स्फटिक जवळजवळ निम्मा पाण्याचा, म्हणून सहज चुरतो.

मिठाचे प्रमाण तेच ठेवून २५ टक्के ग्लिसरॉल घातलेल्या द्रावणात स्फटिक काही सेकंद बुडवा, लूपने (बारीक फासाने) उचला आणि थेट द्रव नायट्रोजनमध्ये सोडा. मग स्फटिकावर क्ष-किरण सोडा. विखुरलेल्या किरणांच्या चित्रात ३.९, ३.६७, ३.४४ अँगस्ट्रॉमपाशी (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) वलये आली तर बर्फ झाला आहे, ग्लिसरॉल वाढवा. स्फटिकाला तडे गेले तर ग्लिसरॉल टप्प्याटप्प्याने द्या.

लायसोझाइमचा चौकोनी स्फटिक असेल तर एकक पेशी, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत छोटा ठोकळा, सुमारे ७९, ७९, ३८ अँगस्ट्रॉम मोजली जावी. डिटेक्टर किरणांची तीव्रताच नोंदवतो, फेज (लहरीची कला) हरवते, आणि नकाशा काढायला तीही लागते. जवळची रचना किंवा भरवशाचे संगणकीय मॉडेल असेल तर मॉलिक्युलर रिप्लेसमेंट करा, म्हणजे ते मॉडेल पेशीत बसवून फेज मिळवा. नसेल तर सेलेनोमेथिओनिन (सेलेनियम असलेले अमिनो आम्ल) घातलेले प्रथिन बनवून ०.९७९ अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या तरंगलांबीवर मोजा. रिफाइनमेंटपूर्वी (मॉडेल मोजमापांशी जुळवत नेण्यापूर्वी) ५ टक्के परावर्तने, म्हणजे चित्रातले ठिपके, बाजूला काढा. मॉडेल आणि मोजमापातली तफावत म्हणजे आर, आणि बाजूला काढलेल्या परावर्तनांवरची तीच तफावत म्हणजे आर-फ्री. आर घटतोय आणि आर-फ्री तिथेच अडलाय असे दिसले, तर पाण्याचे रेणू भरणे थांबवा आणि प्रथिनाची साखळी पुन्हा नकाशावर (इलेक्ट्रॉन घनतेच्या) तपासा.